बिजागरीचे दार आणि भिंतीची जाडी

एकेकाळी रेसिडेन्सी बाजार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या सुलतान बाजारात जागेची टंचाई नवी नाही. खाली पेढी, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची घडण आहे. दर्शनी बाजू अरुंद, जागा आत खोलवर गेलेली आणि जिना चिंचोळा, हे येथील घरांचे जुने लक्षण. गेल्या काही वर्षांत अशा घरांच्या जागी तीनचार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासवे घरगुती लिफ्ट आली. ही बहुधा वडीलधाऱ्यांसाठीच आलेली असते. ज्यांनी पेढी नावारूपास आणली त्यांना गुडघ्यांपायी तिसऱ्या मजल्यावर अडकून पडावे लागू नये, या कृतज्ञतेच्या भावनेने मुले हा खर्च करतात. ही सोय चैनीत मोडत नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. कारण पुढील विवेचन लिफ्टविरुद्ध नसून तिच्या दारातील एका उणिवेविरुद्ध आहे.

ही उणीव बाहेरून दिसत नाही. घरगुती लिफ्टला प्रत्येक मजल्यावर जे बाहेरचे दार बसते ते पुष्कळ ठिकाणी बिजागऱ्यांवर फिरणारे, खोलीच्या कवाडासारखे उघडणारे असते. त्याची कारणे सयुक्तिक आहेत. सरकत्या दाराची फळी बाजूस सरकण्यासाठी भिंतीलगत जागा लागते, आणि ते ओढण्यासाठी वर एक यंत्र बसवावे लागते. बिजागरीच्या दारास यांपैकी काहीच नको. ते हाताने ओढावे, आत जावे, मागे लोटावे. खर्च कमी, बिघाड कमी, आणि सागवानी फळी लावली की दिवाणखान्याच्या इतर दारांत ते मिसळून जाते. अरुंद जागेत घर बांधणाऱ्याने हे दार निवडले तर त्यास दोष देता येणार नाही.

तथापि या बाहेरच्या दारामागे आणखी एक दार असते, ते पाळण्याचे. कोठे ते घडीचे असते, कोठे जाळीचे. या दोन दारांच्या मध्ये किती अंतर आहे, हा प्रश्न घर बांधताना कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा सारा आशय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

अंतर कसे निर्माण होते ते पाहू. आपल्याकडे लिफ्टची विहीर बहुधा विटांची बांधतात, आणि विटेची पुरी भिंत नऊ इंच जाडीची. सुतार दाराची चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे दिवाणखान्याच्या बाजूस, सपाट बसवितो. कारण दार भिंतीशी एका रेषेत दिसले म्हणजे घर देखणे दिसते. पाळणा मात्र विहिरीच्या आतल्या अंगाने वरखाली जातो, आणि तो भिंतीस घासू नये म्हणून मध्ये आणखी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. म्हणजे दार मिटल्यावर त्याच्या पाठीमागे, पाळण्याच्या दारापर्यंत, जवळजवळ भिंतीच्या जाडीएवढी पोकळी उरते. अर्ध्या विटेची साडेचार इंची भिंत घेतली तरी गिलावा आणि मोकळी जागा धरून हिशेब फारसा सुधारत नाही. प्रौढ माणूस त्या पोकळीत मावत नाही, म्हणून ती त्याच्या ध्यानात येत नाही. तीनचार वर्षांचे मूल मात्र तेथे सहज उभे राहू शकते.

मूल तेथे कशासाठी उभे राहील, अशी शंका कोणी घेईल. लपाछपीचा खेळ ज्याने खेळला आहे त्यास ही शंका पडणार नाही. मूल बाहेरचे दार उघडते, उंबरठ्यावर चढते, आतले दार मिटलेलेच असते, आणि मागचे दार ते आपल्याकडे ओढून घेते. दार मिटताच त्याचे कुलूप बसते आणि विजेची जोडणी पूर्ण होते. लिफ्टच्या दृष्टीने आता सर्व ठीक आहे. अशा वेळी वरच्या मजल्यावर कोणी कळ दाबली तर पाळणा हलतो, आणि बाहेरचे दार तो परत त्या मजल्यावर येईपर्यंत उघडत नाही. पुढचे लिहिण्याची आवश्यकता नाही.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. ‘दार बंद असल्याखेरीज आमची लिफ्ट चालतच नाही, मग धोका कसला?’ असे अभिमानाने सांगितले जाते. कुलूप हवेच, त्याचे मोल फार मोठे आहे. परंतु कुलपास दार मिटले एवढेच कळते. मिटलेल्या दारामागे कोण आहे हे कळण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. ज्या व्यवस्थेवर आपण विसावतो तीच त्या पोकळीत सापडलेल्या मुलास कोंडून ठेवते. म्हणून कुलपाचे प्रमाणपत्र हे पोकळीच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

लिफ्टचा इतिहास पाहिला तर दाराचा प्रश्न नेहमीच मागाहून सुटलेला दिसतो. माणसांसाठी चालविलेली पहिली व्यापारी लिफ्ट २३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्क येथील ब्रॉडवेवर सुरू झाली, आणि ती एका व्यापाऱ्याच्याच दुकानात, चिनी मातीच्या व काचेच्या सामानाच्या पाच मजली पेढीत. एलिशा ओटिस यांनी दोर तुटला तरी पाळणा जागीच धरून ठेवणारी योजना त्यापूर्वी लोकांसमोर दाखविली होती, म्हणूनच ग्राहक त्या पाळण्यात पाय ठेवण्यास धजावले. दोराचे भय अशा रीतीने प्रथम गेले. दारे मात्र हातानेच लावावयाची राहिली, आणि उघड्या राहिलेल्या दारातून माणसे विहिरीत पडत राहिली. विहिरीची दारे पाळण्याच्या गतीनेच उघडावी व मिटावी अशा यंत्ररचनेचे पेटंट अमेरिकेतील डुलूथ येथील अलेक्झांडर माइल्स यांनी ऑक्टोबर १८८७ मध्ये मिळविले. म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली. आजही घरगुती लिफ्ट विकत घेताना आपण ‘दोर किती मजबूत?’ असेच विचारतो. ज्या भयाचा बंदोबस्त दीडशे वर्षांपूर्वी झाला त्याविषयी आपण जागरूक असतो, आणि जे भय आपल्याच भिंतीत चिणलेले आहे त्याविषयी मात्र निर्धास्त.

सार्वजनिक लिफ्टमध्ये ही पोकळी सहसा आढळत नाही. आपल्या डोक्यावरून ७ फेब्रुवारी २०२० पासून मेट्रो धावू लागली. या मार्गास बाजारातील व्यापाऱ्यांचा किती विरोध होता ते येथे उगाळण्याचे कारण नाही. परंतु सुलतान बाजार स्थानकाच्या लिफ्टपाशी क्षणभर उभे राहून तिची दारे पाहावीत. बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही दारे एकमेकांस बिलगून, एकाच वेळी सरकतात. त्यांच्यामध्ये मूल उभे राहील एवढी जागाच उरत नाही. ज्या मुलास आपण मेट्रोच्या लिफ्टमध्ये हात घट्ट धरून नेतो, त्यास घरच्या लिफ्टपाशी मोकळे सोडतो. वस्तुतः सावधगिरीची गरज घरी अधिक आहे.

अमेरिकेत या पोकळीने अनेक घरांतील मुलांचे बळी घेतले. तेथील नियमसंहितेत पूर्वी बाहेरचे दार आणि विहिरीची कड यांत तीन इंच, व दोन दारांमध्ये पाच इंच अंतर चालत असे. २०१६ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे पाऊण इंच आणि चार इंच असे कडक करण्यात आले. परंतु नवा नियम नव्या लिफ्टांस लागू होतो. जुन्या घरांतील पोकळ्या तशाच राहतात. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने घरमालकांस जाहीर इशारा दिला की, पोकळी मोजून घ्या आणि ती अधिक असेल तर भरून घ्या. २०२१ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यात सुटीसाठी भाड्याने घेतलेल्या एका घरात सात वर्षांचे मूल याच रीतीने दगावले, आणि पुढील वर्षी त्या राज्याने अशा भाड्याच्या घरांतील पोकळी बुजविण्याचा कायदाच केला. श्रीमंत देशातही हे ज्ञान मुलांच्या मोलाने आले. आपणास ते आयते मिळत असताना पुन्हा तेच मोल मोजणे शहाणपणाचे नाही.

आपल्या नगरातही लिफ्टने गेल्या काळात दुःखद प्रसंग आणले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मासाब टँक भागातील एका इमारतीत सहा वर्षांचे बालक पाळणा आणि भिंत यांच्यामध्ये अडकले. त्यास बाहेर काढण्यात आले, परंतु दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात निवर्तले. त्यानंतर महिन्याच्या आतच मेहदीपट्टणमच्या बाजूस एका वसतिगृहाच्या इमारतीत पाच वर्षांच्या आतील आणखी एक बालक लिफ्टमध्ये सापडून गेले. त्याच मार्च महिन्यात सिरसिल्ला येथे एक पोलीस अधिकारी लिफ्टच्या विहिरीत कोसळून मृत्यू पावले. हे तिन्ही प्रसंग बिजागरीच्या दाराचे होते असे माझे म्हणणे नाही. परंतु माणसाचा जीव पाळण्याच्या आत गेला नाही. तो पाळण्याच्या कडेशी, दाराच्या जागी गेला, एवढे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

मग बिजागरीचे दार टाकूनच द्यावे काय? तसे मुळीच नाही. युरोपात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या मंदगती लिफ्टांचे उदाहरण घ्यावे. त्यांची गती सेकंदाला ०.१५ मीटरहून अधिक नसते. दहा फुटांचा एक मजला चढावयास सुमारे वीस सेकंद लागतात. त्यांना दारे बहुधा बिजागरीचीच असतात. परंतु ते दार विहिरीच्या आतल्या अंगाशी एका पातळीत बसविलेले असते, आणि पाळणा गुळगुळीत भिंतीलगत सरकतो. पुष्कळ ठिकाणी कळ दाबून धरली तरच तो चालतो; बोट उचलले की थांबतो. तेथे दारामागे पोकळीच नाही. यावरून स्पष्ट होते की दोष बिजागरीचा नसून दार भिंतीच्या कोणत्या अंगास बसविले याचा आहे. चौकट बाहेरच्या अंगाऐवजी आतल्या अंगास बसविणे हे नवे घर बांधताना विनामूल्य म्हणावे इतके सोपे काम आहे. दिवाणखान्याच्या बाजूने दार भिंतीत थोडे खोल गेलेले दिसेल, एवढाच काय तो तोटा. भिंत उभी राहिल्यावर मात्र तेच काम फोडाफोडीचे होते.

ज्यांच्या घरी लिफ्ट आधीच बसली आहे त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. मोजमाप सोपे आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसास बोलवावे, पाळणा मजल्यावर आणून वीज बंद करावी, आणि बाहेरचे दार मिटल्यावर त्याची आतली बाजू जेथे येते तेथपासून पाळण्याच्या दारापर्यंत फूटपट्टी धरावी. घडीचे दार असेल तर घडीचा जो भाग सर्वांत आत जातो तेथपर्यंत मोजावे, आणि दार हाताने दाबून पाहावे. कारण दाबल्याने ते मागे लवते आणि पोकळी वाढते. प्रत्येक मजल्यावर निराळे मोजावे. भिंतीचा गिलावा सर्वत्र सारखा नसतो. अंतर चार इंचांहून अधिक भरले तर बाहेरच्या दाराच्या आतल्या अंगास पोकळी भरून काढणारा भक्कम ठोकळा बसवून घ्यावा. हे काम घरच्या सुताराकडून परस्पर करून घेऊ नये; ठोकळा पाळण्याच्या वाटेत येता कामा नये आणि दाराच्या वाढलेल्या वजनाने बिजागऱ्या खाली बसता कामा नयेत. शिवाय पोकळीत काही आडवे आल्यास पाळणा हलूच नये असा प्रकाशकिरणांचा पडदाही बसविता येतो. संपूर्ण लिफ्टच्या किमतीच्या मानाने या दुरुस्तीचा खर्च थोडाच.

दाराविषयी आणखी तीन गोष्टी सांगणे प्राप्त आहे. पहिली, बिजागरीचे दार बाहेर उघडते आणि आपल्याकडे लिफ्टसमोरची जागा बहुधा जिन्याच्या तोंडाशीच असते. दाराची फळी उघडताना मागे सरणाऱ्या वृद्धाचा पाय पायरीवरून निसटावा अशी रचना मुळातच करू नये. फळी कोणत्या बाजूस फिरावी हे नकाशावरच ठरवावे. दुसरी, दारात काचेची एक उभी पट्टी असावी, म्हणजे पाळणा आला आहे की नाही, आणि मागे कोणी आहे की काय, हे बाहेरून दिसेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दार नीट लागत नाही म्हणून लिफ्ट वारंवार अडू लागली, तर काही कारागीर कुलपाच्या तारा एकमेकींस जोडून देतात. लिफ्ट चालू होते, मालक संतुष्ट होतो, आणि त्या क्षणापासून उघड्या दारानिशी पाळणा हलू शकतो. असे काम करणाऱ्यास आणि ते करण्याची घाई लावणाऱ्या मालकास, दोघांसही सारखेच जबाबदार धरावे लागेल. बाहेरून दार उघडण्याची जी किल्ली असते तीही घरच्या खिळ्यावर लटकत ठेवू नये.

‘आमच्या घरात लहान मूल नाही’ असे कोणी म्हणेल. परंतु व्यापाऱ्याचे घर कधी एकट्याचे नसते. दिवाळीस लेकी-सुना नातवंडांसह येतात, लग्नकार्यात पाहुण्यांची मुले मजल्यामजल्यांवर धावत असतात, आणि कामावर येणाऱ्या बाईच्या कडेवरही मूल असते. पाहुण्यांच्या मुलांस आपल्या घराच्या खोड्या ठाऊक नसतात, आणि कामकरणीचे मूल आपल्या मुलाइतकेच आपल्या छपराच्या आश्रयास असते.

कायद्याचे साहाय्य घ्यावेच. मुंबई प्रांतात १९३९ साली लिफ्टांचा स्वतंत्र कायदा झाला; लिफ्ट उभारण्यास व चालविण्यास परवाना आणि वेळोवेळी तपासणी हे तत्त्व त्याने घालून दिले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये लिफ्ट व सरकत्या जिन्यांसाठी नवे कायदे केले. भारतीय मानक ब्यूरोने घरगुती लिफ्टची उभारणी व देखभाल यांसाठी आयएस १५२५९ ही संहिता २००२ मध्येच काढली आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही लिफ्टचे स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु निरीक्षक फार तर वर्षातून एकदा येणार. पोकळी वर्षाचे सर्व दिवस घरात असते. म्हणून पहिली जबाबदारी घरमालकाची, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

या दृष्टीने आपल्या संघासमोर तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. संघाने लिफ्टच्या खरेदीसाठी एका पृष्ठाचा करारनामा छापावा, आणि त्यात दोन दारांमधील कमाल अंतर, चौकटीची जागा व कुलपाची रचना ही कलमे लेखी असावीत. अंतराचा आकडा ज्याने लिहून दिला नाही त्याची हुंडी चुकती करू नये. दुसरी सूचना अशी की, येत्या दिवाळीपूर्वी जाणकार कारागिरास सोबत घेऊन इच्छुक सभासदांच्या घरच्या लिफ्टांची मोजणी करावी, आणि ज्या घरी पोकळी अधिक निघेल तेथे दुरुस्ती होईपर्यंत बाहेरच्या दारास वरच्या बाजूस, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी, कडी लावावी. तिसरी, भरवशाच्या दुरुस्तीदारांची यादी संघाच्या कचेरीत ठेवावी. या कामास मोठा निधी लागत नाही. चारदोन उत्साही सभासद आणि एक फूटपट्टी पुरेशी आहे.

आपण व्यापारी मापाची माणसे आहोत. कापड घेताना पन्हा पाहतो, चांदी घेताना कस पाहतो, आणि तराजूच्या काट्यात तसूभर फरक दिसला तरी माल परत करतो. लिफ्ट घेताना मात्र आतील आरसा, भिंतीचा पत्रा आणि दिव्यांची शोभा पाहून सौदा करतो. मराठीत लिफ्टच्या त्या हलत्या खोलीस आपण पाळणा म्हणतो. घरातील सर्वांत वृद्ध माणसासाठी आणलेल्या या पाळण्याचा धोका घरातील सर्वांत लहानावर ओढवू नये, एवढी खबरदारी घेणे आपल्या आवाक्यातील आहे. वाचकांनी हे पृष्ठ मिटल्यावर आपल्या लिफ्टच्या दोन दारांतील अंतर किती, याचे उत्तर इंचांत मिळविण्याची व्यवस्था त्याच आठवड्यात करावी, अशी नम्र विनंती आहे.